बिनपगारी मिळकत

पहाटेचे साडेपाच. परळच्या टाटा रुग्णालयापासून चालत वीसेक मिनिटांवर असलेल्या एका धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात मूगडाळ-तांदळाची पेज रटरटत होती. गेली अकरा वर्षं भांडुपहून पहाटेच्या लोकलने येणाऱ्या मावशींनी ती मिक्सरमधून फिरवली आणि मोठ्या गाळणीतून गाळली. मला वाटलं, झालं. पण मावशींनी दुसरी गाळणी घेतली, चहाच्या गाळणीहूनही बारीक जाळीची. तीच पेज पुन्हा तिच्यातून गाळायला बसल्या. चमच्याने हळूहळू दाबत, पाच पातेल्यांची पेज. पाऊण तास गेला.

"एक कण राहिला तरी नळी तुंबते," त्या म्हणाल्या. "मग परत दवाखान्यात जा, परत नाकातून नवी नळी घाला. माझ्या कंटाळ्यापायी कुणाला तो त्रास नको."

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय सांगितला होता, 'मिळकत'. जमीनजुमला, शेअर बाजार, पेन्शन यांवर लिहिणारे बरेच असतील. मला वेगळाच प्रश्न पडला होता. पैसा न घेता वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसांच्या पदरात नेमकं काय पडतं? 'समाधान' हे उत्तर सगळेच देतात, पण समाधानासाठी कुणी अकरा वर्षं पहाटे चारला उठत नाही. म्हणून काही दिवस या धर्मशाळेत जाऊन राहिले. वारकरी परंपरेतल्या माणसांनी उभी केलेली ही जागा. नाव छापू नका, अशी विश्वस्तांची विनंती आहे. ती मी पाळते आहे.

उपचार फुकट, मुंबई महाग

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२पासून त्याचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. इथे बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसामपासून सोलापूर-नांदेडपर्यंतची माणसं येतात. गरिबाच्या उपचारांसाठी योजना आहेत, ट्रस्टांची मदत आहे. अडचण सुरू होते ती रुग्णालयाच्या फाटकाबाहेर.

कर्करोगाच्या उपचारांत खाटेवर पडून राहण्याचे दिवस थोडे असतात. रेडिएशन म्हणजे 'शेक' घ्यायला सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. यंत्राखाली काही मिनिटं, की बाहेर. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात हे सहा-सात आठवडे चालतं. केमोचा डोस साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. म्हणजे खाट नको असते, पण शहर सोडताही येत नाही. या दिवसांत माणसाने राहायचं कुठे? परळच्या फुटपाथवर चादर टाकून बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे.

फुटपाथवर राहण्यात गैरसोय आहेच, धोकाही आहे. केमोनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. एरवी दोन दिवसांत बरा होणारा ताप त्या काळात जिवावर बेतू शकतो. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, स्वच्छ संडास आणि डोक्यावर छप्पर हा तेव्हा औषधाचाच भाग असतो. हे मिळालं नाही की कंटाळलेलं, कर्जात बुडालेलं कुटुंब तिसऱ्या डोसानंतर गावाकडची गाडी पकडतं आणि अर्धवट उपचार वाया जातात. धर्मशाळा या गळतीला बांध घालते.

इथे रोजचं नाममात्र भाडं घेतात. ज्याला तेही जमत नाही त्याला कुणी उठवत नाही, पण नियम भाडं घेण्याचाच. व्यवस्थापक म्हणाले, "पावती फाडली की माणूस हक्काने गरम पाणी मागतो. फुकट ठेवलं की मागायला लाजतो." एवढ्याशा नियमामागे माणसाची केवढी पारख आहे!

आधी झाडू, मग भाकर

दर्शनी भिंतीवर गाडगे महाराजांची तसबीर आहे. अंगावर चिंध्यांचा सदरा, हातात खराटा. तिच्यापुढे दानपेटी नाही, फक्त उदबत्तीचं घर.

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी आजोळी दापुरे इथे गुरं राखत आणि शेतात राबत वाढले आणि १९०५मध्ये घर सोडून निघाले. गावात शिरल्यावर आधी रस्ते झाडायचे, गटारं उपसायची आणि संध्याकाळी त्याच गावात कीर्तन करायचं, ही त्यांची रीत. कुणाच्या दारी भाकर मागायची तर आधी काम करायचं, मग खायचं.

कीर्तनातून जमलेल्या पैशांतून बाबांनी देऊळ बांधलं नाही. घाट, शाळा, वसतिगृहं, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ज्या दलितांना वारीला जाऊनही निवारा मिळत नव्हता, त्यांच्यासाठी बांधलेली वास्तू त्यांच्याच शिक्षणाच्या कामी आली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले आणि दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबा गेले.

बाबांनी कुणाला शिष्य केलं नाही. मागे ठेवली ती कामांची यादी: भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, रोग्याला औषध. देवाच्या नावाने काय करायचं, हे इतक्या रोकड्या शब्दांत सांगणारा संत विरळा.

या धर्मशाळेत नव्या सेवेकऱ्याला पहिले आठ दिवस झाडूच मिळतो. डॉक्टर असो, निवृत्त बँक अधिकारी असो, झाडूशिवाय सुरुवात नाही. मीही व्हरांडा झाडला. झाडताना लक्षात आलं की वाकलेल्या माणसाशी लोक वेगळं बोलतात. समोर वही घेऊन बसले होते तेव्हा मला ठरावीक उत्तरं मिळाली होती. झाडू हातात असताना मालद्याहून आलेल्या एका बाईंनी आपणहून पाय वर घेतले, जागा करून दिली आणि त्यांच्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टचा कागद माझ्यापुढे धरला.

'बरं होईल' म्हणायचं नाही

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. सोलापूरकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे, जिभेच्या ऑपरेशननंतर शेक घेत होते. बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. निघताना मी त्यांचा हात धरून म्हणाले, "काळजी करू नका, सगळं बरं होईल." त्यांनी मान वळवली.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "ताई, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग कशाला म्हणायचं? इथं सगळे तेच म्हणतात. पाहुणे म्हणतात, फोनवर गाव म्हणतं. त्यांना कळतं की आपण आपलीच सुटका करून घेतोय."

"मग काय म्हणायचं?"

"जेवलात का, म्हणायचं."

मग त्यांचं जेवण कसं भरवतात ते मी बघितलं. शेतकरीदादा ताठ बसले. मावशींनी मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवला, तिचं टोक नळीला जोडलं आणि सिरिंज त्यांच्या डोक्याच्या वर धरली. पेज ओतली की ती स्वतःच्या वजनाने, सावकाश, खाली उतरते. दाबून ढकलायची नाही. वाटीभर पेजेला दहा-पंधरा मिनिटं. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता. दर दोन तासांनी काय, किती, ते त्यावर लिहिलं होतं.

त्याआधी मात्र मावशींनी तक्त्यात नसलेली एक गोष्ट केली. बाकीच्यांच्या वरणाला जिरं-लसणाची फोडणी दिली होती. ती कढई फडक्यात धरून त्यांनी दादांच्या तोंडाजवळ आणली. दादांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग पाटीवर लिहिलं, 'आज लसूण.' मावशी म्हणाल्या, "गावरान आहे."

जीभ गेलेल्या माणसाला फोडणीचा वास द्यावा, हे कुणी शिकवून येत नाही. अकरा वर्षं रोज एका माणसाकडे, मग दुसऱ्याकडे नीट बघत राहिल्यावर ते सुचतं. मावशींच्या मिळकतीतला पहिला ऐवज मला इथे दिसला. त्यांची नजर तयार झाली आहे. समोरच्याला काय हवं, हे तो बोलायच्या आत त्यांना कळतं. त्या म्हणाल्या, "माझे मिस्टर गेले तेव्हा मला काही कळलं नव्हतं. त्यांना काय हवं होतं, मी विचारलंच नाही. आता कळतं."

फॉर्मवाले काका

जिन्याखाली एक टेबल आहे. तिथे सकाळी दहाला एक काका येऊन बसतात. आयुष्य सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेलं. इथे त्यांची ओळख 'फॉर्मवाले काका'. कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, पण त्यासाठी ठरावीक नमुन्यातला, रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा दाखला लागतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेला रेशनकार्ड लागतं. आधारवर एक नाव, केसपेपरवर दुसरं, अशी गत असली की सगळं अडतं. काकांच्या खणात टाचण्या, शाईचं पॅड, पासपोर्ट फोटो कापायची कात्री आणि कोऱ्या अर्जांच्या वेगवेगळ्या रंगांच्या फायली असतात.

एका बाईंच्या कागदांवर नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. काकांनी तिन्ही कागद शेजारी मांडले, कोणता आधी दुरुस्त करायचा ते ठरवलं, प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वच्छ अक्षरात लिहून दिला आणि सोबत एका पोराला धाडलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. त्या बाई तीन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होत्या.

"नोकरीत मी हेच केलं," काका म्हणाले. "अर्ज घेतले, त्रुटी काढल्या, परत पाठवले. टेबलाच्या त्या बाजूला कोण आहे हे बघायला वेळच नव्हता. आता तीच विद्या उलट्या बाजूने वापरतो. त्रुटी मला आधीच दिसते ना!" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. निवृत्तीनंतर निरुपयोगी वाटायला लागलेलं आयुष्यभराचं कसब पुन्हा कामी आलं, ही त्यांची मिळकत. कित्येकांच्या हातातलं असं कसब घरात टीव्हीसमोर गंजत पडलेलं आहे.

पाळीची शिस्त

सेवा मनाच्या उमाळ्यावर चालत नाही, ती पाळीवर चालते. आपल्याकडच्या देवस्थानांना हे जुन्या काळापासून ठाऊक आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी ठरलेल्या दिवसांसाठी येतात. कुणी जोडे सांभाळतं, कुणी महाप्रसाद वाढतं, कुणी फरशी पुसतं. पाळी संपली की आपापल्या शेतात, दुकानात परत. शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक वर्षं तिथला कारभार पाहिला. २०२१मध्ये ते गेले तेव्हा लोकांच्या तोंडी त्यांच्या भाषणांपेक्षा तिथल्या स्वच्छतेचं आणि चोख हिशेबाचं कौतुक होतं. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या रोट्या लाटायला बसलेल्यांत कोण मालक, कोण मजूर, हे ओळखू येत नाही. वाढणारा आणि जेवणारा यांच्यातली उंची राहू नये म्हणूनच तर सगळे एका पंगतीत जमिनीवर बसतात.

या धर्मशाळेतही भिंतीवर आठवड्याचा तक्ता आहे. नावापुढे वार, वारापुढे वेळ. वाढदिवसाला येऊन फळं वाटणाऱ्यांनाही इथे नाही म्हणत नाहीत. पण व्यवस्थापकांचं म्हणणं स्पष्ट होतं: "वर्षातून एकदा शंभर केळी आणणाऱ्यापेक्षा दर मंगळवारी दोन तास भांडी घासणारा मला हवा. केळी मी विकत आणू शकतो. मंगळवार विकत मिळत नाही."

पाळीचा आणखी एक फायदा सेवेकऱ्याला होतो. आज मनात भक्ती आहे की नाही, उत्साह आहे की नाही, याचा विचार करायला वाव उरत नाही. मंगळवार आहे, गेलं पाहिजे. वारकऱ्याला आषाढी चुकवता येत नाही, तसं. निष्ठा मनात यायची वाट न बघता पायांना सवय लावायची. मन मागून येतं.

घेणारे हात

संध्याकाळी पाचला पोळ्यांचा घाणा सुरू होतो. लाटायला बसलेल्या आठ जणींपैकी सहा जणी रुग्णांच्या नातेवाईक होत्या. कुणी दरभंग्याची, कुणी बीडची, कुणी आझमगढची. एकमेकींची भाषा अर्धवट कळणाऱ्या या बायका लाटण्याच्या तालावर छान जुळतात. दरभंग्याच्या सुनेने बीडच्या आजींना लिट्टीसाठी सत्तू कसं मळायचं ते दाखवलं. आजींनी तिला भाकरी थापायला शिकवली. कोपऱ्यात एक तरुण कांदा चिरत होता. धर्माने मुसलमान, वडिलांना घेऊन आलेला. सात वाजता हरिपाठ सुरू झाला की तो पाण्याचे तांबे भरून ठेवतो. इथे नोंदवहीत जात-धर्माचा रकानाच नाही.

या बायकांना कुणी कामाला लावलेलं नाही. आजारी माणसाशेजारी दिवसभर नुसतं बसणं हे भाकरी थापण्यापेक्षा कितीतरी जड असतं. बीडच्या आजी म्हणाल्या, "हाताला काम असलं की डोकं थाऱ्यावर राहतं. आणि फुकटचं खाल्ल्यागत वाटत नाही." बाबांनी भाकरीआधी झाडू का ठेवला, ते आजींच्या या दोन वाक्यांत मला नीट कळलं. घेणाऱ्याच्या हातालाही काही देता आलं पाहिजे. ते देऊ न देणं ही दानातली सर्वांत मोठी चूक.

मावशींनी बंगाली पाहुण्यांकडून एकच शब्द घेतला आहे. "खेयेछेन?" म्हणजे जेवलात का. मालद्याचा तो मुलगा त्यांच्या उच्चाराला हसतो आणि हसत हसत दोन घास जास्त खातो.

ज्याची नोंद कुठेच नाही

या कामात सगळंच उजळ नाही. माणसं बरी होऊन जातात, तशी मरतातही. तिसऱ्या मजल्यावरची एक खाट माझ्या मुक्कामातच रिकामी झाली. सकाळी ज्यांची चादर बदलली होती, त्यांची पिशवी दुपारी मुलाने बांधली. गावी न्यायची गाडी, कागद, फोन हे सगळं फॉर्मवाल्या काकांनी बघितलं. संध्याकाळी ते जिन्याखालच्या खुर्चीत बराच वेळ बसून होते.

जुने सेवेकरी नव्यांना एक गोष्ट बजावून सांगतात: दमलात तर सांगा, सुट्टी घ्या, पण न सांगता गळून पडू नका. असे गळालेले कितीतरी असतात. पहिल्या महिन्यात रोज येणारा, प्रत्येकाचं दुःख घरी नेणारा, तिसऱ्या महिन्यात दिसेनासा होतो. टिकतात ते आपलं काम बेताचं ठेवणारे. "मी पेज गाळते," मावशी म्हणाल्या. "आजार माझ्या हातात नाही. गाळणी आहे." हे सांगताना त्यांच्या आवाजात थकवा नव्हता. अकरा वर्षं त्यांना याच समजुतीने टिकवलं आहे.

मग त्यांना काय मिळतं? मी सरळ विचारलं. मावशींनी थोडा विचार केला. "घरी मी सासू आहे, आजी आहे, विधवा आहे. इथं कुणी मला काही म्हणून बघत नाही. पेज चांगली झाली का, एवढंच बघतात. आणि ती चांगली होते." काका म्हणाले, "मरणाची भीती कमी झाली. रोज बघतो ना. माणसं कशी सोसतात, कशी हसतात ते बघितलं की आपलंही निभेल असं वाटतं."

मला वाटतं, हिशेब इथे पुरा होतो. जमवलेलं जाऊ शकतं. मावशींची नजर, काकांचं परत कामाला आलेलं कसब आणि दुसऱ्याच्या दुःखाशेजारी न घाबरता बसण्याचं बळ, या तिन्हींना चोर नाही आणि वाटेकरीही नाही. आणि ही मिळकत घरी बसून, चेक पाठवून होत नाही. पैसा जरूर पाठवावा. गॅस, डाळ, वीजबिल त्यावरच चालतं. पण पैशाने धर्मशाळेचं भागतं, आपलं भागत नाही. त्यासाठी जाऊन बसावं लागतं.

निघताना मी पाळीचा तो तक्ता पुन्हा बघितला. गुरुवारी दुपारी दोन ते चार, भांडी, या रकान्यापुढे नाव नव्हतं. तुमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्याजवळही अशी एखादी धर्मशाळा, एखादा मठ, गुरुद्वारा किंवा मिशनचं घर असेल आणि तिथल्या भिंतीवर असाच एक रिकामा रकाना असेल. या दिवाळीत जाऊन तो शोधा. पहिल्या दिवशी हातात झाडू देतील. तो घ्या.